तिला सगळं ऐकू येत होतं

सहा वर्षांची एक पोर. पायात पांढरे गमबूट, केस कित्येक दिवसांत न विंचरलेले. अंगणात चिखल, कोंबड्या, डुकरं, मोडकी भांडी. त्यातलंच कोंबडीचं एक पिल्लू उचलून ती कानाशी नेते आणि श्वास रोखून ऐकत राहते. पिल्लाचं इवलंसं काळीज धडधडत असतं. जे जनावर हाती लागेल त्याच्या अंगाला कान लावायचा, हा तिचा नादच. प्रत्येक जीव आपापल्या भाषेत काहीतरी सांगत असतो आणि आपल्याला ते ऐकू येतं, अशी तिची पक्की समजूत असते.

या मुलीचं नाव हशपपी. नाव गमतीचं आहे ना? अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याच्या पिठाचे छोटे गोळे तळतात, साधारण आपल्या भज्यांसारखे, त्यांना हशपपी म्हणतात. २०१२ साली आलेल्या ‘बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड’ या अमेरिकन चित्रपटाची ही नायिका. बेन झाइटलिन यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. लुसी अलिबार यांच्या एका एकांकिकेवरून त्या दोघांनी मिळून पटकथा लिहिली. त्या वर्षी कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ पुरस्कार त्याला मिळाला. पुढच्या वर्षी ऑस्करसाठी चार नामांकनं मिळाली. हशपपी झालेली क्वेंझाने वॉलिस तेव्हा अवघ्या नऊ वर्षांची होती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी इतक्या लहान वयाच्या मुलीला नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ!

पण मैत्रिणींनो, पुरस्कारांची यादी सांगण्यासाठी आज लिहायला बसलेले नाही. घरात मोठं माणूस गंभीर आजारी असतं, सगळे कुजबुजत असतात आणि एका कोपऱ्यात लहान मूल खेळत असतं. ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. त्या मुलाच्या डोक्यात त्या वेळी नेमकं काय चाललेलं असतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा चित्रपट माझ्या तरी पाहण्यात नाही.

बांधापलीकडचं गाव

हशपपी राहते त्या वस्तीचं नाव ‘बाथटब’, म्हणजे अंघोळीचं टब. वस्ती काल्पनिक आहे, पण ती ज्या मुलुखावर बेतलेली आहे तो मात्र अगदी खरा. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदी समुद्राला मिळते. तिथं हजारो वर्षं नदीच्या गाळानं दलदलीची जमीन तयार होत आली. मग पुरापासून बचाव म्हणून नदीच्या दोन्ही काठांनी उंच बांध घातले गेले. पूर थांबले, पण त्याबरोबर गाळही यायचा थांबला. तेलकंपन्यांनी दलदलीतून कालवे खोदले, त्यांतून समुद्राचं खारं पाणी आत शिरलं आणि गवत, झाडं मरायला लागली. मुळं गेली की माती धरून ठेवणार कोण? त्यात समुद्राची पातळीही वाढते आहे. १९३० च्या दशकापासून या राज्याची जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली आहे.

बाथटब वसलं आहे ते या बांधाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. बांधाच्या अलीकडे कारखाने, रस्ते, सुरक्षित घरं. पलीकडे ही मूठभर माणसं. काळी, गोरी, सगळीच गरीब. मासे, खेकडे, कोळंबी पकडायची, खायचं, प्यायचं, सण साजरे करायचे आणि वादळ येईल तेव्हा येईल म्हणायचं.

हशपपीला आई नाही. म्हणजे आहे, पण ती लेक तान्ही असतानाच निघून गेली. वडिलांचं नाव विंक. बापलेक एकाच आवारात, पण दोन वेगळ्या खोपट्यांत राहतात. जेवणाची वेळ झाली की विंक घंटा वाजवतो आणि कोंबड्या, डुकरं, कुत्रे यांच्याबरोबर पोरगीही जेवायला येते. पहिल्यांदा पाहताना जीव कसानुसा होतो. हा बाप दारू पितो, ओरडतो, लेकीला मुलासारखं वाढवतो. रडायचं नाही, हा घरातला नियम. खेकडा सुद्धा हत्यार न वापरता हातानं फोडून खायचा.

आणि तरीही हाच बाप लेकीला तिच्या आईची गोष्ट सांगतो. तुझी आई इतकी देखणी होती म्हणे, की तिला चूल पेटवावीच लागत नसे. ती नुसती स्वयंपाकघरातून चालत गेली तरी भांड्यातलं पाणी उकळायला लागायचं! पडद्यावर आपल्याला ते दिसतंसुद्धा. ती चालत जाते आणि शेगड्या आपोआप पेटतात. या तऱ्हेच्या कथांना समीक्षक ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट साधी आहे. रोजच्या खऱ्याखुऱ्या आयुष्यात एखादी अशक्य गोष्ट घडते आणि कुणालाच तिचं नवल वाटत नाही. इथं त्याचं कारण उघड आहे. सगळी कथा सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी दिसते आहे आणि त्या वयात खरं आणि कल्पनेतलं यांच्यामध्ये भिंत नसतेच.

एक ठोसा आणि कोसळलेलं जग

एके दिवशी विंक नाहीसा होतो. लेकीला काही न सांगता. ती एकटी राहते, डोक्यावर हेल्मेट चढवून शेगडी पेटवते आणि घरात जे मिळेल ते शिजवून खाते. काही दिवसांनी तो परततो तेव्हा त्याच्या अंगात दवाखान्यातला झगा असतो, मनगटाला पेशंटची पट्टी. आपल्या लगेच लक्षात येतं. हशपपीच्याही येतं. काय झालं म्हणून ती मागं लागते, पण तो तिला हाकलून देतो.

मग ती काय करते? शेगडी भडकवते आणि आपलं खोपटं पेटवून देते. जळत्या घरात एका खोक्याखाली लपून बसते. बाप धावत येतो, तिला बाहेर पळवतो आणि एक थप्पड लगावतो. ती चवताळते. तू मेलास की मी तुझ्या थडग्यावर बसून एकटी केक खाईन, अशा अर्थाचं काहीतरी भयंकर बोलते आणि इवल्याशा मुठीनं त्याच्या छातीवर ठोसा मारते.

त्याच क्षणी ढग गडगडतात आणि विंक जमिनीवर कोसळतो.

आपल्याला माहीत असतं की त्याला रक्ताचा गंभीर आजार आहे. आपल्याला माहीत असतं की वादळ समुद्रावरून येतंय. पण त्या लेकराला कुणी काहीच सांगितलेलं नाही. तिच्या हिशेबानं सगळं स्वच्छ आहे: मी मारलं, म्हणून बाबा पडले. मी वाईट बोलले, म्हणून आभाळ फाटलं. जगाचा एक तुकडा माझ्यामुळे मोडला.

आणि इथूनच चित्रपटातली खरी जादू सुरू होते. शाळेतल्या बाईंनी मुलांना ऑरॉक्स नावाच्या प्राचीन जनावरांची गोष्ट सांगितलेली असते. ऑरॉक्स ही रानबैलांची जात खरोखरच होती. शेवटचं जनावर १६२७ साली पोलंडमध्ये मेलं, अशी नोंद आहे. चित्रपटातले ऑरॉक्स मात्र शिंगांचे अवाढव्य रानडुक्कर आहेत. बर्फात गोठून पडलेले. हशपपीचा ठोसा बसतो आणि तिकडे ध्रुवावरचे बर्फाचे कडे कोसळायला लागतात. ऑरॉक्स सुटतात आणि वाटेत येईल ते तुडवत बाथटबच्या दिशेनं निघतात. विंकची तब्येत जसजशी ढासळते, तसतसे ते जवळ येत जातात.

मोठ्यांनी लपवलेला आजार लेकराच्या मनात जनावर होऊन हिंडतो आहे, हे दिग्दर्शक कुठंही बोलून दाखवत नाही. आपल्याला ते आपोआप उमगतं.

आपल्या घरातले ऑरॉक्स

बालमानसशास्त्र सांगतं की साधारण सात वर्षांच्या आतली मुलं जगातल्या घटनांचा संबंध स्वतःशी जोडतात. मी रागावले म्हणून आई आजारी पडली, मी अभ्यास केला नाही म्हणून बाबा गेले, असं त्यांना खरोखर वाटतं. ते ती बोलून दाखवत नाहीत, कारण गुन्हा कबूल करायला कोणाला आवडतं?

वस्त्यांमध्ये काम करताना अशी घरं मी पाहिली आहेत. एका घरात वडिलांचं डायलिसिस चाललेलं. पहिलीतली मुलगी अचानक गोड खायचं बंद झाली. सणाची पोळीसुद्धा शिवेना. आई वैतागलेली, आजी म्हणे, ‘नजर लागली.’ बऱ्याच दिवसांनी बोलता बोलता कळलं. वडील दवाखान्यात पहिल्यांदा भरती झाले, त्याच्या आदल्या रात्री तिनं चॉकलेटसाठी आकांत मांडला होता आणि ते चिडून उठताना धडपडले होते. तिच्या मनानं दोन्हीची गाठ मारून टाकली. ‘अगं, बाबांच्या किडन्या कितीतरी आधीपासून बिघडल्या होत्या, तुझ्यामुळे काही झालेलं नाही,’ हे एक वाक्य तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती लगेच हसायला लागली, असं काही झालं नाही. पण रात्री आईला बिलगून खूप रडली आणि हळूहळू खायला लागली.

आपण मुलांपासून लपवतो ते प्रेमापोटीच. विंकही तेच करतो. आपल्यामागं पोरीला एकटीनं जगता आलं पाहिजे, ही त्याची धडपड आहे. म्हणून तर तो तिला मासा हातानं पकडायला शिकवतो, ताकदीच्या बढाया मारायला लावतो. जगायचं कसं ते तो सगळं शिकवतो, फक्त ‘मी मरणार आहे’ एवढंच त्याच्या तोंडून लवकर निघत नाही.

इथं मला आपला ‘श्वास’ आठवतो. २००४ साली आलेला संदीप सावंत यांचा हा मराठी चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. कोकणातला छोटा परशा, त्याच्या डोळ्यांचा कॅन्सर आणि त्याला शहरात घेऊन आलेले आजोबा. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे मुलाला सांगायचं कसं, या एका प्रश्नावर तो अख्खा चित्रपट उभा आहे. तिथं मूल आजारी आहे, इथं बाप. पण मोठ्यांची कोंडी तीच. ‘श्वास’मध्ये डॉक्टर आग्रह धरतात की ऑपरेशनआधी मुलाला कळलंच पाहिजे. हशपपीच्या आसपास असा आग्रह धरणारं कुणी नसतं, म्हणून तिला जनावरांशी एकटीनं सामना करावा लागतो.

बेकरीवाला बाप

एक गंमत सांगते. हा बाप साकारणारे ड्वाइट हेन्री नट नव्हतेच! न्यू ऑर्लिन्स शहरात त्यांची बेकरी होती. चित्रपटवाल्या मंडळींचं तिथं येणं-जाणं असे. भूमिका देऊ केली तेव्हा त्यांनी धंदा सोडून यायला साफ नकार दिला. मग तालमींसाठी मंडळीच रात्री बेकरीत जाऊ लागली. ते पीठ मळायचे आणि संवाद म्हणायचे. वॉलिसच्या बाबतीत तर, सहा वर्षांच्या पुढच्या मुली हव्या होत्या आणि ही होती पाचच वर्षांची. हजारो मुली पाहिल्यावर दिग्दर्शकांनी हिलाच निवडलं. मूळ एकांकिकेत हशपपी हा मुलगा होता, तिची मुलगी झाली ती चित्रपटात.

आणि ते भयानक ऑरॉक्स? ती होती व्हिएतनामी जातीची छोटी डुकरं! घुशीसारख्या एका प्राण्याची केसाळ कातडी त्यांना पांघरली आणि छोट्या प्रतिकृतींसमोर त्यांचं चित्रण केलं. म्हणून ती पडद्यावर डोंगराएवढी दिसतात.

या साधेपणामागं मोठं दुःख आहे. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळानं बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्यात बुडाला. हजाराहून जास्त माणसं गेली. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते निघून गेले, गरीब मागं राहिले. चित्रपटातल्या कितीतरी लोकांनी ते दिवस स्वतः काढलेले होते. त्यामुळे वादळाच्या रात्री विंक आभाळावर बंदूक झाडतो, ते नुसतं वेडेपण वाटत नाही.

मदत करायची कशी?

वादळ ओसरतं, पण खारं पाणी वस्तीत साचून राहतं. जनावरं मरतात, झाडं वाळतात. विंक आणि त्याचे सोबती बांधाला सुरुंग लावतात आणि पाणी वाहून जातं. मग सरकारी माणसं येतात आणि सगळ्यांना जबरदस्तीनं छावणीत नेतात. तिथं पांढऱ्या भिंती आहेत, डॉक्टर आहेत. हशपपीचे केस विंचरून तिला नवा निळा फ्रॉक घालतात. विंकवर शस्त्रक्रिया होते, पण वेळ टळून गेलेली असते. संधी मिळताच ही माणसं पळून आपल्या चिखलात परत जातात.

इथं माझ्यासारख्या काम करणाऱ्या बाईचा जीव दोन्हीकडे ओढला जातो. त्या पोरीला स्वच्छ पाणी, औषध, शाळा मिळायला नको का? हवीच. दारूच्या नशेत हात उगारणाऱ्या बापाचं कौतुक करायचं का? मुळीच नाही. बेल हुक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकेनं २०१२ मध्येच या चित्रपटावर कडक टीका केली होती. लहान मुलीनं सोसलेली मारहाण आणि हाल यांना इथं तिच्या कणखरपणाचं गोंडस रूप दिलं आहे, असा तिच्या टीकेचा रोख होता. मला ती टीका बरीचशी पटते. गरिबी सुंदर नसते. मार खाऊन मूल कणखर होतं, हा आपल्याकडेही फार जुना आणि घातक समज आहे.

पण छावणीतला तो प्रसंग पुन्हा आठवून बघा. डॉक्टर, नर्स, अधिकारी सगळे चांगलेच आहेत. तिच्या केसांकडे लक्ष जातं, कपड्यांकडे जातं. फक्त कुणी तिच्याजवळ खाली बसून विचारत नाही, की ‘बाळ, तुला कसली भीती वाटते?’ मदत पोचते, माणूस पोचत नाही. आपण बचत गटाच्या, मंडळाच्या बायका पूरग्रस्तांना साड्या, चादरी, धान्य नेऊन देतो तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं.

सामना

शेवटी हशपपी आईला शोधायला निघते. मैत्रिणींबरोबर पोहत जाऊन ती एका बोटीवर चढते आणि पाण्यावर तरंगणाऱ्या एका नाचगाण्याच्या अड्ड्यावर पोचते. तिथं एक स्वयंपाकीण भेटते. ती तिची आई असेल, नसेलही. ती बाई तिला उचलून घेते, छातीशी धरून नाचते, खायला करून देते. हवं तर इथंच राहा, असंही म्हणते. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्या लेकराला कुणी असं कुशीत घेतलेलं असतं. तरीही ती नाही म्हणते. तिला घरी जायचं असतं, बाबांकडे.

परतीच्या वाटेवर ऑरॉक्स तिला गाठतात. बरोबरच्या मुली पळून जातात. हशपपी मागं वळते आणि त्या अक्राळविक्राळ तोंडासमोर ताठ उभी राहते. आणि ती जनावरं गुडघे टेकतात! आपल्या माणसाची काळजी घ्यायला मला जायचंय, एवढंच काय ते ती त्यांना सांगते आणि आत जाते.

आणलेलं खाणं ती बापाला भरवते. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहतं आणि रडायचं नाही हा नियम तिथंच संपतो. मग ती पहिल्यापासून करत आली तेच करते. त्याच्या छातीवर डोकं ठेवून ऐकत राहते, आवाज थांबेपर्यंत.

ज्या छातीवर तिनं ठोसा मारला होता, तीच ही छाती. ‘माझ्यामुळे झालं’ हे ओझं तिच्या मनावरून इथं उतरतं, कारण तिला जवळ येऊ दिलं गेलं, भरवू दिलं गेलं, निरोप घेऊ दिला गेला.

एवढं तरी करू या

आपल्या घरात किंवा शेजारीपाजारी असा प्रसंग आला, तर या गोष्टी अवघड नाहीत.

आजाराचं नाव मुलाला सांगा. त्याला झेपेल अशा साध्या शब्दांत सांगा, पण खोटं सांगू नका. ‘गावाला गेले’, ‘झोपले आहेत’ असं सांगितलं की मूल वाट बघत बसतं किंवा झोपायलाच घाबरतं.

‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ हे त्यानं विचारलं नाही तरी सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा.

‘तुझं जेवण, शाळा, झोप कोण बघणार’ हेही सांगा. मुलांच्या मनात हा प्रश्न असतोच, पण तो स्वार्थी वाटेल म्हणून ती विचारत नाहीत.

छोटंसं काम द्या. पाण्याचा पेला नेऊन देणं, उशी सारखी करणं, चित्र काढून देणं. पण ‘आता तूच घरातला कर्ता’ असं म्हणून कोवळ्या खांद्यांवर भार टाकू नका.

आणि त्याच्यासमोर रडायला लाजू नका. आई रडते आणि मग डोळे पुसून वरण-भात लावते, हे पाहण्यातूनही मूल खूप शिकतं.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. मारहाण आणि मरण दोन्ही असल्यामुळे लहानांना एकटं दाखवू नका. थोड्या मोठ्या मुलांबरोबर बसून पाहा आणि नंतर बोला.

जाता जाता त्या मुलुखाबद्दल. बाथटब ज्या वस्त्यांवरून सुचलं, त्यांतलं एक बेट म्हणजे आइल द जाँ शार्ल. मोठा बांध झाला तेव्हा ते त्याच्या बाहेरच राहिलं. बेटाची बहुतेक जमीन समुद्रानं गिळली. २०१६ मध्ये तिथल्या रहिवाशांना हलवण्यासाठी सरकारनं सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले आणि २०२२ मध्ये बरीचशी कुटुंबं उत्तरेला, उंचावरच्या नव्या वसाहतीत राहायला गेली. त्यांच्यातही आजारी आजोबा असतील, गाव सोडताना रडणाऱ्या आया असतील आणि कोपऱ्यात खेळणारी, सगळं ऐकणारी मुलंही असतील. आपल्या घरातलं मूलही ऐकतंच आहे. त्याला चार शब्द आपणच जवळ घेऊन सांगू या.